माणसामागं चालणारी ट्रॉली कोपऱ्यावर येऊन का थांबते?

मोल्डिंगशॉप
नमस्कार मंडळी. मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत मेंटेनन्सला आहे. आमच्यात कोअर शॉपमधनं मोल्डिंग लाइनवर वाळूचे कोअर (कास्टिंगमध्ये पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवायचे वाळूचे तुकडे) हातगाडीनं जातात, एक माणूस दिवसभर तेच करतो आणि गाडी ढकलून ढकलून त्याची कंबर जाते. म्हणून आम्ही एक ट्रॉली बनवलीय जी ऑपरेटरच्या मागं आपली आपण चालत येते, त्याचे दोन्ही हात मोकळे. चेसिस उद्यमनगरात वेल्ड करून घेतलं, मधल्या दोन चाकांना मोटर, चार कोपऱ्यांना कॅस्टर, पुढं लायडार (लेझरनं आजूबाजूच्या वस्तूंचं अंतर मोजणारा सेन्सर), ऑपरेटरच्या पट्ट्याला यूडब्ल्यूबी टॅग (रेडिओ सिग्नलवरनं तो कुठं आहे ते कळतं), सॉफ्टवेअर रॉस २ या रोबोंसाठीच्या तयार प्रणालीवर. लोड दीडशे किलोपर्यंत.

मोकळ्या यार्डात नाद खुळा चालते. शॉपमध्ये घेतली की त्रास सुरू. ऑपरेटर मोल्डिंग बॉक्सच्या चळतीला वळसा घालून पलीकडं गेला की ट्रॉली चळतीकडंच तोंड करून पुढं येते, फूटभर अलीकडं थांबते, जरा डावीकडं जरा उजवीकडं हलते आणि तिथंच राहते. खांबाजवळ डावीकडनं जायचं का उजवीकडनं हेच तिचं ठरत नाही. आणि मधनं कोण आडवं गेलं की थांबते ती माणूस गेला तरी बराच वेळ हलतच नाही. कोणी असलं काम केलं असेल तर सांगा, आमच्या ऑपरेटर मामांना ही गाडी मनापासून पाहिजे आहे आणि मला ती त्यांना द्यायचीच आहे.

शाहूपुरी_सर्किट
भावा, दिशा ठरते कशी ते सांग आधी. टॅगकडं सरळ निघते का मॅपवर रस्ता काढते?

मोल्डिंगशॉप
मॅप नाही वापरत अजून. टॅग ज्या दिशेला आहे तिकडं ओढ, लायडारला जे जवळ दिसतंय त्याच्यापासनं ढकल, दोन्हीची बेरीज करून चाकांना स्पीड. कॉलेजच्या पोरांनी लिहून दिलंय, कोड छोटा आणि स्वच्छ आहे.

रंकाळा_किनारी
मग चळतीपुढं थांबणं हे त्या पद्धतीत आहेच. याला पोटेन्शियल फील्ड म्हणतात, ओसामा खातिब यांचा १९८६ चा पेपर यासाठी प्रसिद्ध आहे. ध्येय ओढतं, अडथळा ढकलतो, गणित इतकं हलकं की त्या काळच्या कॉम्प्युटरवरही चालायचं, म्हणूनच ती पद्धत एवढी पसरली. पण जिथं ओढ आणि ढकल एकमेकांना बरोबर खाऊन टाकतात तिथं रोबो बसतो, त्याला पुढं जायला काही कारणच उरत नाही. तुमच्या चळती इंग्रजी यू सारख्या लावलेल्या असतील तर तो आत शिरून अडकणारच. कोरेन आणि बोरेनस्टाइन यांनी १९९१ मध्ये याच पद्धतीच्या उणिवांवर लिहिलंय, अरुंद बोळात डावं-उजवं हेलकावे खाणं त्यातच आहे.

ध्येय हलतं असल्यामुळं तुमच्याकडं हा दोष थोडा झाकला जातो, मामा चालत असतात तोवर ओढीची दिशा बदलत राहते आणि ट्रॉली कधीमधी आपोआप सुटते. पण ते लाइनवर उभं राहून कोअर लावायला लागले की दिशा स्थिर, ट्रॉलीही स्थिर. असं होतंय का बघा.

मोल्डिंगशॉप
अगदी असंच होतंय सर! चालताना सुटते, मामा थांबले की अडकते.

पुण्यातला_करवीरकर
मूळचा कोल्हापूरचाच, इकडं पुण्यात वेअरहाऊसच्या रोबोंवर काम करतो. भावा, आधी शॉपचा मॅप कर, सुट्टीच्या दिवशी ट्रॉली हातानं फिरवून होऊन जाईल. मग रस्ता काढायला साधा ए-स्टार लाव, मॅपचे चौकोन पाडून सगळ्यात कमी खर्चाचा रस्ता शोधतो तो. १९६८ चा अल्गोरिदम, हार्ट, निल्सन आणि राफेल या तिघांचा, शेकी नावाच्या रोबोच्या कामातनं आलेला, आणि अजून पुरतो.

लोक म्हणतील ध्येय हलतंय तर दर वेळी नवा रस्ता काढत बसायचा का, त्यापेक्षा डी-स्टार लाइट वापर, आधीचं गणित पुन्हा वापरतो म्हणून. ते २००२ चं काम चांगलं आहे पण ते शोध ध्येयाकडनं उलटा सुरू करतं, म्हणजे रोबो हलला किंवा नवीन अडथळा दिसला तर जुनं कामाला येतं, खुद्द ध्येयच हललं तर शोधाचं मूळच हलतं आणि फायदा बराचसा जातो. त्यासाठी २०१० मध्ये हलत्या ध्येयाचा वेगळा अवतारसुद्धा निघाला. पण तुला कशाला पाहिजे ते? तुझं शॉप समज ४० बाय २५ मीटर, ५ सेंटीमीटरचे चौकोन पाडले तर ८०० गुणिले ५००, झाले ४ लाख चौकोन. एवढ्यात साधा छोटा कॉम्प्युटरसुद्धा सेकंदाला एकदोनदा पहिल्यापासनं रस्ता काढतो आरामात. जिथं लाखो नाही कोट्यवधी चौकोन आहेत त्यांनी डोकं चालवावं.

रॉस २ चं रस्ता काढून गाडी चालवायचं पॅकेज आहे नॅव्ह २, त्यात हलत्या वस्तूमागं जायची सोय तयार मिळते, गोल अपडेटर नावाचा नोड ध्येय बदलत राहतो आणि ट्रंकेट पाथ नावाचा नोड रस्त्याचं शेवटचं टोक कापतो, म्हणजे ट्रॉली मामांच्या अंगावर न जाता मीटरभर मागं थांबते. रस्ता शेवटाकडनं कापत आणतो तो, आणि मामांपासनं सरळ रेषेत तेवढं अंतर झालं की कापायचं थांबवतो.

आणि एक गोष्ट सगळ्यांनाच नडते. मामा स्वतः लायडारला अडथळा म्हणून दिसतात! प्लॅनर, म्हणजे रस्ता काढणारा भाग, म्हणतो ध्येय अडथळ्याच्या आत आहे, रस्ता नाही. टॅगच्या आसपासचे लायडारचे ठिपके कॉस्टमॅपमध्ये (कुठल्या चौकोनातनं जायला किती खर्च ते सांगणारा नकाशा) जायच्या आधीच काढून टाकायला लागतात.

मोल्डिंगशॉप
दादा, नॅव्ह २ चढवलं, मॅप केला. चळतीला व्यवस्थित वळसा घालून येते आता, मामांनी पोरांना बोलावून दाखवलं. पण ठिपके काढूनही मामांच्या मागं कॉस्टमॅपमध्ये काळे डाग राहतात, आणि आडवा माणूस गेल्यावर थांबून राहायचं दुखणं तसंच आहे. गंमत म्हणजे हे शॉपच्या मोठ्या शटरकडं तोंड असतानाच होतं, भिंतीकडं तोंड असताना नाही.

पुण्यातला_करवीरकर
शटर उघडं असतं ना? तेच कारण. लायडारचा किरण पलीकडच्या कशावर तरी आपटून परत आला तरच मधली जागा रिकामी झाली असं कॉस्टमॅपला कळतं. शटरबाहेर मोकळं मैदान, किरण परत येतच नाही, मेसेजमध्ये अनंत असा आकडा येतो आणि डिफॉल्टला तो आकडा सोडून दिला जातो. म्हणजे माणूस गेला तरी त्याचा डाग पुसायला कोण नाही. कॉस्टमॅपच्या ऑब्स्टॅकल लेयरमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या थरात, इन्फ इज व्हॅलिड नावाचं पॅरामीटर आहे, ते चालू कर.

मोल्डिंगशॉप
चालू केलं. डाग गेले सगळे. दादा, कोल्हापूरला आलात की जेवायला यायचं, तांबडा-पांढरा माझ्याकडनं.

कोअरशॉप_ताई
मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कोअर शॉप बघते. धागा पहिल्यापासनं वाचला, सगळे रस्त्याबद्दल बोलताय, माझं म्हणणं थांबण्याबद्दल आहे. कोल्ड बॉक्सचा (न तापवता वायूनं घट्ट केलेल्या वाळूचा) पातळ कोअर हातात घेतला तर काठाला अंगठा जरा जोरात लागला तरी कड निघते. ट्रॉलीनं एक गचका दिला की कप्प्यातले कोअर एकमेकांवर आपटणार, वरनं चिरा दिसणार पण नाहीत, आणि कास्टिंग ओतल्यावर आत धातू शिरलेला सापडणार. रिजेक्शन आमच्या नावावर. तर किती अंतर ठेवून चालते आणि किती हळू थांबते ते सांगा.

दुसरं, माणसाला मागं बघायला लागता कामा नये. गाडी काय करील याचा भरवसा नसला की बाई असो की गडी, दर चार पावलाला मान वळणार. मग हात मोकळे करून काय फायदा.

पंचगंगा_घाट
ताईंचं बरोबर आहे. हिशोब करूया. थांबायला लागणारं अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले दुप्पट मंदन, मंदन म्हणजे दर सेकंदाला वेग किती कमी होतो ते. ट्रॉली सेकंदाला १ मीटरनं येतीय आणि कोअरसाठी मंदन ०.५ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या वर न्यायचं नाही म्हटलं तर १ मीटर. त्यात सेन्सरपासनं मोटरपर्यंत ०.३ सेकंद उशीर धरला तर अजून ०.३ मीटर. म्हणजे १.३ झालं, दीड मीटरच्या आत मामांच्या मागं चालायचंच नाही. वेग १.३ केला तर वर्गात जातं ते, १.७ अधिक ०.४, दोन मीटरच्या वर गेलं.

आणि नेहमीचं चालणं सेकंदाला १.३ मीटरच्या आसपास असतं. ट्रॉली १ वर बांधली असेल तर दर सेकंदाला ०.३ मीटर मागं पडणार, दहा सेकंदात ३ मीटर. यावर कुठला अल्गोरिदम नाही, मामांनी सावकाश चालायचं किंवा ट्रॉलीला वेग द्यायचा.

इमर्जन्सी स्टॉप मात्र यात मिसळू नका. तो सॉफ्टवेअरच्या बाहेर, सेफ्टी स्कॅनरवरनं थेट मोटरची पॉवर काढणारा पाहिजे, तिथं कोअर फुटला तर फुटू दे. बिनड्रायव्हरच्या इंडस्ट्रियल गाड्यांसाठी आयएसओ ३६९१-४ आहे, लाइनवर रोज चालवायच्या आधी ते वाचाच.

कोअरशॉप_ताई
माणसापुढं कोअर गेला तर गेला, त्यात दुमत नाही.

शाहूपुरी_सर्किट
टॅगच्या जागेवरनं मामांचा वेग कसा काढताय? पुढचा अंदाज बांधायला वेग लागणार. यूडब्ल्यूबीची चूक समोरासमोर असताना साधारण १० सेंटीमीटर धरतात. सेकंदाला दहा रीडिंग घेऊन लागोपाठच्या दोन रीडिंगची वजाबाकी केली तर वेगातली चूक सेकंदाला १.४ मीटर येते, म्हणजे माणूस चालतो तेवढी चूकच! कालमन फिल्टर (चुका असलेल्या रीडिंगांतनं खऱ्या आकड्याचा अंदाज काढणारं गणित) लावल्याशिवाय त्या वेगाला हात लावू नका. आणि टॅग पट्ट्याला पोटाकडं असला तर मधे अख्खा माणूस येतो, सिग्नल लोखंडावरनं आपटून लांबच्या रस्त्यानं येतो आणि अंतर जास्त दाखवतो. टॅग पाठीकडं घ्या. माणूस कोणता ते टॅगनं ओळखा, नेमकी जागा लायडारला दिसणाऱ्या पायांवरनं घ्या.

अंदाजही एक-दीड सेकंदाच्या पुढं नको. तेवढ्या वेळात माणूस सरळ चालेल असं धरता येतं, पुढं तो वळला तर तुमची ट्रॉली भलतीकडं.

पंचगंगा_घाट
मला अंदाज-बिंदाज पटत नाही. मामा जिथनं चालले तिथनंच ट्रॉली न्यायची, पावलांचा माग साठवायचा आणि त्यावरनं चालवायची. माणूस गेला म्हणजे जागा मोकळी होती हे सिद्धच झालं की.

पुण्यातला_करवीरकर
माणसाला मोकळी, ट्रॉलीला नाही. माणूस अर्ध्या मीटरच्या फटीतनं अंग चोरून जातो, पडलेला एअर होज ओलांडतो, वाळूच्या ढिगावर पाय देऊन जातो. पाऊण मीटरची ट्रॉली त्याच मागावर घातली तर अडकणार. आमच्याकडं माग वापरतो पण सक्ती म्हणून नाही. मागावरच्या चौकोनांचा खर्च कमी ठेवायचा, बाकीच्यांचा नेहमीसारखा. जागा असेल तर ट्रॉली मागावरनं येते, फट आली की स्वतः वळसा काढते.

कोअरशॉप_ताई
हे मला आवडलं. आमच्याकडं पिवळ्या पट्ट्यातनं चालायची सवय आहे, ट्रॉलीही पट्ट्यातनंच येईल. बाकीच्या लोकांनाही कळेल ती कुठनं जाणार. जवळचा रस्ता सापडला म्हणून लॅडलच्या (वितळलेला धातू नेणाऱ्या भांड्याच्या) वाटेत मधेच घुसणारी गाडी मी शॉपमध्ये येऊ देणार नाही, चार पावलं जास्त पडली तरी चालतील.

पुण्यातला_करवीरकर
लॅडलची वाट तर कीपआउट झोन करून टाकायची ताई, मॅपवर रंगवली की प्लॅनर तिथनं रस्ताच काढत नाही. ओतकाम चालू असो नसो.

रंकाळा_किनारी
आता खांबाचं. ते पोटेन्शियल फील्ड गेल्यावरही राहिलं असेल. मामा खांबाच्या बरोब्बर पलीकडं असले की डावा रस्ता आणि उजवा रस्ता जवळपास सारख्या लांबीचे होतात. मामा एक पाऊल इकडं सरकले की डावा जवळचा, तिकडं सरकले की उजवा, आणि दर सेकंदाला नवा रस्ता काढला की ट्रॉली दर सेकंदाला मत बदलते. प्रत्येक वेळचा रस्ता बरोबरच असतो, एकापुढं एक लावले की मात्र खांबाकडं सरळ जाणारी वाट तयार होते. उपाय सोपा आहे. एकदा बाजू धरली की ती सोडायला किंमत लावा, दुसरी बाजू किमान मीटरभर तरी जवळची असेल तरच बदल. मागाचा खर्च कमी ठेवलात तर हे निम्मं आपोआप होईल, कारण मामा ज्या बाजूनं गेले ती स्वस्त.

मोल्डिंगशॉप
सर, माग आणि बाजूची किंमत दोन्ही लावलं. खांब सुटला. आता फक्त एक उरलंय. रॅकचा कोपरा. मामा कोपऱ्यावरनं वळले की लायडारला पाय दिसत नाहीत, टॅगचा सिग्नल रॅकमधल्या लोखंडानं वेडावाकडा येतो, ट्रॉली कोपऱ्याला घासून येते आणि वळल्यावर समोर कोणीच नाही किंवा दुसराच माणूस.

रंकाळा_किनारी
या विषयातलं मला सगळ्यात आवडणारं प्रकरण हेच, म्हणून जरा लांबड लावतो. आत्तापर्यंत आपण मामांपर्यंत पोचायचं कसं एवढंच बघितलं. पण मागं जाणाऱ्या रोबोला पोचण्याइतकंच दिसत राहणं महत्त्वाचं आहे. १९९७ मध्ये लावाल आणि सोबतच्यांनी यावर काम केलं. माणूस कुठं जाणार हे पूर्ण माहीत नसेल तर त्यांनी दोन मार्ग दिले, एक म्हणजे पुढच्या क्षणी तो दिसत राहण्याची शक्यता जास्तीत जास्त ठेवायची, दुसरा म्हणजे त्याला नजरेआड व्हायला लागणारा कमीत कमी वेळ जेवढा वाढवता येईल तेवढा वाढवायचा.

दुसरा तुमच्या कोपऱ्याला लावून बघा. मामा कोपऱ्यापासनं ०.६ मीटरवर आहेत आणि सेकंदाला १.२ नं चालतायत, अर्ध्या सेकंदात दिसेनासे. ट्रॉली रॅकला चिकटून ४ मीटर मागं, कोपऱ्यावर यायला तिला ४ सेकंद. मधले साडेतीन सेकंद ती आंधळी. तेवढ्यात मामा ४ मीटर पुढं जातात, आणि तिथं दुसरं वळण असलं तर संपलं. आता तीच ट्रॉली बोळाच्या पलीकडच्या कडेनं येतीय असं धरा. कोपऱ्यापलीकडचा किती तरी भाग तिला लांबनंच दिसतो. बिंदू चौकात रिक्षावाला वळायच्या आधी गाडी जरा बाहेर काढून घेतो, त्याला आतली गल्ली आधी दिसते, तेच इथं करायचं.

म्हणजे करायच्या गोष्टी अशा. मॅपवर कोपरे कुठं आहेत ते ठाऊकच आहे. मामा कोपऱ्याकडं निघाले की ट्रॉलीनं अंतर कमी करायचं, ताईंच्या कोअरसाठी वर काढलेल्या दीड मीटरपर्यंत, आणि आतल्या बाजूच्या चौकोनांना खर्च लावायचा म्हणजे ती बाहेरनं वळेल. इथं मागाचा नियम थोडा मोडतो कारण मामा स्वतः आतनंच वळतात, कोपऱ्याजवळ मागाची सवलत काढून टाका. आणि तरीही हरवलेच तर शेवटचं दिसलेलं ठिकाण आणि तिथनं पुढं दीड सेकंदाचा अंदाज एवढ्यापर्यंत हळू जायचं, टॅगचा नंबर जुळत नाही तोवर कुठल्याच पायांच्या मागं लागायचं नाही, नाही जुळला तर थांबून हॉर्न. मामा परत येऊन घेऊन जातील.

पंचगंगा_घाट
बाहेरनं वळायचा अजून एक फायदा, समोरनं येणाऱ्याला ट्रॉली आधी दिसते. आमच्याकडं हातगाड्या कोपऱ्यावरच आपटतात.

मोल्डिंगशॉप
सर, करून बघितलं. बोळ अडीच मीटरचा आहे, बाहेरची कड धरून वळते आता, मामा आतनं वळले तरी पाय लायडारमध्ये राहतात. वाळू जास्त सांडलेली असेल तिथं चाक घसरून ओडोमेट्री (चाकांच्या फेऱ्यांवरनं काढलेली जागा) चुकते, तेवढ्यापुरतं लायडार मॅपशी जुळवून जागा दुरुस्त करून घेतोय. मामा म्हणाले आता मागं बघावं लागत नाही.

फोर्कलिफ्टचं काय करू? माणसं बाजूला होतात, फोर्कलिफ्ट होत नाही.

शाहूपुरी_सर्किट
व्हेलॉसिटी ऑब्स्टॅकल बघ, फिओरिनी आणि शिलर, १९९८. समोरचा याच वेगानं आला तर आपला कुठला कुठला वेग धडकेत जातो ते काढायचं आणि ते वेग सोडून बाकीच्यातला घ्यायचा.

रंकाळा_किनारी
पद्धत चांगली आहे, आणि २००८ मध्ये तिचा पुढचा प्रकार आला ज्यात दोघंही निम्मं निम्मं सरकतील असं धरतात. रोबो-रोबोत ते छान चालतं. फोर्कलिफ्टला ते लावू नका, ड्रायव्हरला मागचं-बाजूचं कमी दिसतं, भरलेली फोर्कलिफ्ट पटकन थांबत नाही, तो आपलं निम्मं करेल हे गृहीत धरणं धोक्याचं आहे. उलट गर्दीत सगळ्यांच्या हालचालीचा फार सावध अंदाज घेतला तर कुठलाच रस्ता सुरक्षित वाटत नाही आणि रोबो गोठतो, यावर २०१० मध्ये ट्राउटमन आणि क्राउझ यांनी लिहिलंय. तुमच्याकडं मधला मार्ग आहे, कारण फोर्कलिफ्ट एक-दोनच आणि त्यांची वाट ठरलेली.

कोअरशॉप_ताई
फोर्कलिफ्टची वाट ओलांडायच्या आधी एक थांबा ठरवा. मामा ओलांडून गेले तरी ट्रॉलीनं पट्ट्याअलीकडं थांबायचं, फोर्कलिफ्ट जवळ नाही हे कळलं की मगच जायचं. मधे चुकवाचुकवी नको. आमच्यात माणसांनाही हाच नियम आहे.

पुण्यातला_करवीरकर
ताईंचा नियमच घे. फोर्कलिफ्टवर एक टॅग लाव, ती थांब्यापासनं अमुक मीटरच्या आत असेल तर ट्रॉली थांबेल. अंतर फोर्कलिफ्टच्या सगळ्यात जास्त वेगावरनं काढ, वाट ओलांडायला ट्रॉलीला लागणारा वेळ गुणिले तो वेग, वर थोडी सूट. टॅगचा सिग्नलच येत नसेल तर फोर्कलिफ्ट जवळ आहे असंच धर.

मोल्डिंगशॉप
वाट ३ मीटर रुंद आणि ट्रॉली सव्वा मीटर लांब, म्हणजे पूर्ण पलीकडं जायला थांब्यातनं निघताना वेग घेण्यासकट साडेपाच सेकंद तरी. आमच्यात फोर्कलिफ्टला ताशी ८ किलोमीटरची मर्यादा आहे, सेकंदाला २.२ मीटर, तर १२ मीटर होतात. सूट धरून १५ ठेवतो. दोन टॅग मागवतोय, एका फोर्कलिफ्टला एक. पहिल्यांदा रिकामी ट्रॉली चालवणार, कोअर भरायचे ते नंतर. लॉग इथंच टाकतो, ताई तुम्ही थांबण्याचा ग्राफ तेवढा बघून सांगा.

कोअरशॉप_ताई
टाका. आमच्या शॉपमधले रिजेक्ट झालेले कोअर पाठवून देते, भरलेल्या ट्रॉलीची पहिली ट्रायल त्यांच्यावर घ्या.